तांबट आळीचं शिळं पाणी

"नळ तोडा," बिडकर साहेब म्हणाला, "आणि पाटी लावा दारावर."

आत्याबाई तेव्हा उंबऱ्यात उभ्या होत्या, काखेला तांब्याची मोठी कळशी. अर्धी कळशी रस्त्यावर गेली होती, अर्धी जायची होती. त्याआधीचे हंडे, घागरी, पिंप सगळं रिकामं होऊन ओट्यावर पालथं पडलं होतं, आणि साहेबाचे काळे बूट त्या पाण्यात भिजत होते.

"बाई, मी तुमच्याशी बोलतोय. धरणात पाणी किती उरलंय ठाऊक आहे का? खेड्यापाड्यांत बायका कळशीभर पाण्यासाठी रानोमाळ फिरतायत, आणि तुम्ही घागरीच्या घागरी गटारात ओतताय. कशासाठी?"

आत्याबाई, म्हणजे माझी सासू सगुणाबाई करडे, तोंडाची फटकळ. आळीत कुणी सहसा त्यांच्या वाटेला जात नसे. पण त्या सकाळी त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उरलेली अर्धी कळशी साहेबाच्या डोळ्यांदेखत ओतली आणि आत वळल्या.

"माज आहे हा," साहेब मागून म्हणाला. "फुकट मिळतं ना. उधळी बाई."

मी आतल्या खोलीत बसून होते. तिथून मला उठता येत नव्हतं. का, ते पुढे येईलच. दार सताड उघडं होतं, त्यामुळे ऐकू मात्र सगळं आलं. रज्जाक फिटरचा पाना पाइपावर वाजला तो ऐकला, नळ सुटल्यावर पाण्याची चिळकांडी उडाली ती ऐकली, आणि मग चौकटीवर खिळा ठोकल्याचा आवाज. साहेबानं त्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पाट्याच रंगवून घेतल्या होत्या. पिवळ्या रंगावर तांबडी अक्षरं : 'या घरात पाण्याची नासाडी होते.' गावातली पहिली पाटी आमच्या दारावर लागली.

साहेब म्हणजे नगरपालिकेचा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. पाणी त्याच्याकडे आणि भुयारी गटारही त्याच्याकडेच. समोर आम्ही त्याला अहोजाहो करत होतो तेवढं पुष्कळ झालं, इथे मी करणार नाही.

आता ओतायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडे नळ सकाळी यायचा, घटकाभर, की संपला. नळाला पहिली धार लागली की आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी शिळं झालं असं धरायचं. सगळ्या आळीतल्या बायका भांडी दारात आणून ते शिळं पाणी ओतून द्यायच्या, चिंच-मिठानं तांबं लख्ख करायच्या आणि ताजं भरायच्या. एकाच वेळी साऱ्या घरांतून लोट निघायचा आणि उतारानं गटारात जायचा. सासवांनी केलं म्हणून सुना करायच्या. साहेबाचा राग ह्या रिवाजावर होता, आणि उगाच नव्हता, हे मी आज कबूल करते. उन्हाळा कडक होता. पण त्या सकाळी इतर बायका साहेबाची जीप बघून तांब्या-लोटा लपवून घरात पळाल्या, आणि सापडल्या एकट्या आत्याबाई. त्या पळाल्या नाहीत. आणि त्या जे ओतत होत्या ते शिळं म्हणून ओतत नव्हत्या.

दोन-चार दिवसांनी रज्जाक फिटर एकटाच आला. पाना पिशवीत, मान खाली.

"मावशी, मला ठाऊक नव्हतं. खुदाची शपथ. कळलं तसा जेवलो नाही नीट. नळ जोडून देतो, पाटी काढतो. साहेबांना मी सांगतो सगळं, ते पण मानसच हायेत. येतील, माफी मागतील."

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

"काय सांगायचं न्हाय त्याला."

"पण मावशी..."

"रज्जाक, तुला माझ्या गळ्याची आन हाय. कळलं की यील तो. हात जोडंल, दोन शब्द बोलंल आन् मोकळा हुईल. असली फुकटची माफी मला नगं. पाटी ऱ्हाऊ दे. ज्यानं लावली तोच काढंल."

रज्जाक गेला. आत्याबाईंनी आळीतल्या प्रत्येक घराला निरोप धाडून हेच बजावलं. सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट एकट्या साहेबाला कळू द्यायची नाही, असं ठरलं. आणि ती त्याला कळलीही नाही, कारण जीपमधून फिरणाऱ्या माणसाला आळीतलं कोण काय सांगायला जातं?

आत्याबाई ओट्यावर येऊन बसायला लागल्या त्या महिना उलटत आल्यावर. पहिल्याच दिवशी त्यांनी आळीतल्या बायका गोळा केल्या. शेजारची अनशीकाकू पोटफोडे सगळ्यांत पुढे. अनशीकाकू म्हणजे आमच्या आळीचं वर्तमानपत्र. ती आमच्या घरची पाण्याची बाजूही सांभाळत होती. नळ तुटल्यापासून आम्ही तिच्या आणि पलीकडच्या घरांच्या पाण्यावर जगत होतो.

"सायबानं काय सांगितलं?" आत्याबाईंनी विचारलं. "पानी सांडू नका. बरोबर? मग उद्यापासनं सांडायचं न्हाय. थेंब न्हाय."

"आन् शिळ्याचं काय करायचं?" अनशीकाकू म्हणाली.

"प्यायचं."

"अगं बाई. शिळं?"

"तांबटाच्या आळीत ऱ्हाती तू. तुझा नवरा जल्मभर हंडे ठोकतोय. तांब्याच्या भांड्यात पानी शिळं हुतं व्हय गं? मग लोकांस्नी काय म्हणून इकतो तो?"

तांबटांच्या बायकांना जिव्हारी लागेल असंच ते बोलणं होतं. बराच वेळ घोळ चालला. देवाला शिळं कसं घालायचं, यावर तर दोन पक्षच पडले. शेवटी देवापुरतं तांब्याभर ताजं आणि माणसांना कालचं, अशी तडजोड निघाली. तेवढ्यावर आत्याबाई थांबल्या नाहीत. भांडी विसळलेलं पाणी सड्याला, आंघोळीचं पाणी झाडांना, कपड्यांचं दुसरं पाणी फरशीला. संडासात बादली नाही, तपेली. जेवढं भांडं रिकामं झालं तेवढंच भरायचं आणि नळ बंद.

"असं किती दिवस करायचं सगुणाबाई?"

"माझ्या दारावर पाटी हाय तवर," आत्याबाई म्हणाल्या.

खरं सांगते, तेव्हा यातून काय निघणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनाही नाही. साहेबाचा हुकूम इतका पाळायचा, इतका पाळायचा की त्यालाच लाज वाटावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्याला लाज बिज काही वाटली नाही. उलट तो खूश झाला. गावची टाकी दुपारपर्यंत अर्धी भरलेली राहू लागली. पुढच्या वस्तीत पाणी जोरात पोचू लागलं. साहेबानं वर्तमानपत्रात फोटो छापून आणला : टाकीच्या खाली साहेब, हात छातीवर बांधलेले, आणि वर मथळा की पाट्यांच्या मोहिमेमुळे तांबट आळीचा कायापालट झाला. अनशीकाकूनं तो पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घराची अब्रू टांगून हा माणूस स्वतःची पाठ थोपटून घेत होता.

"कुमुद, पेपर ठिऊन दे," आत्याबाई मला म्हणाल्या. "कपाटाच्या फळीवर अंथरायला हुईल."

वास पहिल्यांदा मला आला. मी बाजारातून येताना वॉटर वर्क्सच्या कुंपणाजवळून चालले होते. साहेबाची क्वार्टर तिथेच, टाकीच्या सावलीत, गावाच्या सखल भागात. आमच्या आळीची भुयारी गटार तिथूनच पुढे ओढ्याकडे जाते. क्वार्टरच्या अंगणात गटारीचं चेंबर आहे, आणि त्याच्या झाकणाच्या कडेनं काळं काहीतरी वर आलं होतं. सफाईची माणसं लांब बांबू आत घालून ढोसत होती. साहेब नाकाला रुमाल लावून उभा होता.

घरी येऊन मी हे गंमत म्हणून सांगितलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आपलीच गटार ना ती?"

"हो. आळीतून खाली तीच जाते."

"पूर्वी कधी तुंबली हुती?"

"ऐकलं नाही कधी."

त्यांनी दारातून बाहेर बघितलं. ओट्यासमोर, जिथे रोज सकाळी पाण्याचा लोट असायचा, तिथे आता फुफाटा उडत होता. मग त्या हसल्या. त्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि ते हसू बघून मलाच जरा भीती वाटली.

"मैला काय पायांनी चालत जातो व्हय?" त्या म्हणाल्या. "त्याला ढकलाया पानी लागतंय."

एवढंच होतं ते. आम्ही रोज सकाळी ज्यापायी नासाडी म्हणून शिव्या खात होतो ते आळीभरचं पाणी एकदम गटारात जायचं आणि आदल्या दिवसाची सगळी घाण धुऊन ओढ्यापर्यंत नेऊन टाकायचं. साहेबाची गटार त्याच्यावर चालली होती. गटारीला उतार बेताचा, त्यात पाणी तपेलीनं पडायला लागलेलं. घाण साहेबाच्या अंगणापर्यंत जायची आणि तिथे बसायची.

त्या दिवसापासून तो निव्वळ हट्ट राहिला नाही. आत्याबाई दररोज सकाळी आळीतून एक फेरी मारू लागल्या. कुणाच्या दारात ओल दिसली की तिथे थांबायच्या. कुणा सुनेनं माहेरच्या सवयीनं घागर उपडी केली असेल तर सासूला बोलवून घ्यायच्या. मीही त्यांच्या मागे असायचे, आणि मला त्यात मजा येत होती. आजही येते आठवलं की.

एकदा मात्र मी कचरले. साहेबाची बायको क्वार्टरच्या मागच्या बाजूला धुणं वाळत घालत होती, पदराचं टोक दातात धरून, नाक झाकून. कडेवर पोर. सारखं रडत होतं ते. मी आत्याबाईंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "तिचं मला वाईट वाटतंय. लई वाईट वाटतंय."

"मग?"

"मग काय? पानी सोडायचं न्हाय."

साहेब मूर्ख नव्हता. कशामुळे झालंय हे त्यानं आपणहून ओळखलं, आणि मग आमच्या आळीत भोंग्याची रिक्षा आली. आधी दोन महिने हीच रिक्षा ओरडत होती : पाणी जपून वापरा, सांडू नका, शिळं म्हणून फेकू नका. आता त्याच आवाजात ती ओरडू लागली : तांबट आळीतील नागरिकांनी सकाळच्या वेळी गटारात पुरेसे पाणी सोडावे. अनशीकाकू रिक्षा अडवून उभी राहिली.

"पुन्ना म्हन की रं, नीट ऐकू आलं न्हाय."

त्यानं पुन्हा म्हटलं. आळीभर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनंही वाटीभर पाणी ओतलं नाही.

मग साहेबानं टँकर आणून आळीच्या वरच्या चेंबरमध्ये रिता केला. दोन दिवस वास गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा होता तसा. दुसरा टँकर आणला तेव्हा खेड्यांतली माणसं नगरपालिकेसमोर येऊन बसली, की आम्हाला प्यायला नाही आणि तुम्ही टँकरनं गटारी धुता. टँकर बंद झाले. आणि त्याच सुमाराला ती बातमी आली. पाणी वाचवल्याबद्दल तांबट आळीचा सत्कार व्हायचा होता. खुद्द जिल्ह्याचे कलेक्टर येणार, मंडप वॉटर वर्क्सच्या आवारात. साहेबानंच ते महिनाभर आधी ठरवून आणलं होतं, पेपरात फोटो आला त्या धुंदीत.

मंडपाच्या खांबांसाठी खड्डे खणले ते त्या चेंबरपासून हाकेच्या अंतरावर.

आधी रज्जाक आला, साहेबाच्या हुकमानं, पाटी काढायला. आदर्श आळीत अशी पाटी कलेक्टरांना दिसली तर बरं दिसणार नाही म्हणून. आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. रज्जाकला तेच हवं होतं बहुतेक. तो गालातल्या गालात हसून परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः आला. सत्कार उद्यावर होता. जीप त्यानं आळीच्या तोंडाशीच ठेवली होती. आत्याबाईंनी ओट्यावर चटई टाकली, पाणी विचारलं. तो उभाच राहिला. तो वाळला होता, डोळे तांबारले होते. इतक्या दिवसांत झोप नव्हती त्याला, दिसतच होतं.

"बाई, तुम्ही आळीतल्या मोठ्या. तुमचं सगळे ऐकतात असं कळलं."

"ऐकत्यात."

"गटार मोकळी करून ठेवली आहे. माणसांनी दिवसभर खपून बांबू घातलेत. फक्त वाहून न्यायला पाणी हवंय. उद्या सकाळी आळीनं पूर्वीसारखं पाणी सोडलं, एकदाच, तर..."

"पूर्वीसारखं म्हंजी कसं?"

साहेबानं गटारीच्या जाळीकडे बघितलं.

"सायेब, पूर्वीसारखं म्हंजी काय करायचं आम्ही?"

"ओतायचं," तो म्हणाला.

"नासाडी करायची."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "हे बघा, त्या दिवशी मी रागात बोललो असेन. माझी माफी..."

"माफी ठिवा तुमच्यापाशी," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "माफीवर माझं काय अडलं न्हाय. उद्या सकाळी नळ यायच्या टायमाला या. नळ जोडा. पाटी तुमच्या हातानं काढा. मग माझ्या घरचं पानी तुमच्या हातानं ओता, हितं, रस्त्यात, आळीदेखत. सगळं. तुमचं झालं की आळी ओतंल."

"मी ओतू?"

"मला तर मनाई हाय. दारावर लिवलंय."

तो निघून गेला तेव्हा मला वाटलं, हा येत नाही आता. असा माणूस नोकरी सोडेल, पण रस्त्यात घागर धरणार नाही. रात्री मी आत्याबाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "यील. वासानं मानूस लई लांबनं येतंय."

आणि तो आला. पहाट फुटत होती. रज्जाकनं नळ जोडला. पाटी मात्र साहेबानं काढली. खिळा गंजला होता, निघता निघेना. त्यानं नखांनी, मग रज्जाकच्या पकडीनं ओढून तो काढला आणि पाटी कुठे ठेवावी कळेना म्हणून हातातच धरून उभा राहिला. मी ती त्याच्याकडून घेतली.

नळाला धार आली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात आमचं पाणी आलं. आत्याबाईंनी घाई केली नाही. हंडे भरले, घागरी भरल्या, कळश्या भरल्या, पिंप काठोकाठ भरलं. शेवटी न्हाणीघरातलं घंगाळ भरायला घेतलं. ते आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः ठोकून काढलेलं. आळीत तेवढं मोठं घंगाळ दुसरं नव्हतं. साहेब घड्याळ बघत होता. घरोघरच्या बायका आपापली भरलेली भांडी दारात आणून थांबल्या होत्या. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे आमच्या ओट्यावर.

"हं," आत्याबाई म्हणाल्या. "ओता."

साहेबानं कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि पहिला हंडा उचलला. सवय नव्हती त्याला. अर्धं पाणी स्वतःच्याच अंगावर घेतलं. दुसरा हंडा. मग घागरी. आत्याबाई चौकटीला टेकून बघत होत्या. हळूहळू त्याचा हात बसला. आमच्या दारापुढून पाणी निघालं, वळलं आणि गटारीच्या जाळीत आवाज करत उतरलं. तो आवाज ऐकून त्याला बरं वाटलं असावं, कारण तो धापा टाकत, जरा सलगीनं म्हणाला,

"बाई, एक विचारू? राग नाही ना? इतरजणी तांब्याभर, कळशीभर ओततात. तुम्ही त्या दिवशी असंच, घरातलं सगळंच ओतत होतात. पिंपसुद्धा. का बरं?"

अनशीकाकूनं डोळे मिटून घेतले.

"सायेब, तुमच्या घरी," आत्याबाई म्हणाल्या, "भरल्या घरातलं सगळं पानी कवा ओतून देत्यात?"

साहेब वळला. हातात कळशी होती. मग त्याला समजलं. ते समजताना त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तरी मी बघितलं. आमच्याकडे आणि त्याच्याकडे रिवाज एकच होता. घरात माणूस गेलं की त्या घरातलं भरलेलं पाणी कुणी पीत नाही. ते सगळं ओतायचं, आणि नवं भरायचं.

"कोण?" त्यानं विचारलं.

"माझं मालक. पहाटं गेलं. अजून कुनाला कळवलं बी नव्हतं. सून त्येंच्यापाशी बसली हुती. मी म्हटलं, आधी पानी ओतून काढावं, ताजं भरावं, मंग शेजारी हाक मारावी. त्येंच्या आंघुळीला पानी लागनार हुतं. तुमी आलासा आन् नळ तोडलासा."

"तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द तरी..."

"मानूस गेलं ह्ये माझ्या तोंडातनं अजून निघालंच नव्हतं सायेब. तुमच्यापाशी पैल्यांदा काढू? दार उगडं हुतं की. तुमी आत बघितलं असतंसा तर दिसलं असतं."

साहेबानं हातातली कळशी खाली ठेवली.

"जल्मभर तांब्याची भांडी ठोकली त्येंनी," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट आणखी खाली आला होता. "ह्या गावात लगीन झालं की घंगाळ त्येंच्या हातचं. आन् शेवटची आंघुळ झाली मागून आणलेल्या पान्यानं, पलास्टिकच्या बादलीतनं. सुतकाच्या घरात दुसऱ्याचं तांबं कसं यायचं? आमची भांडी हितं, ह्या वट्यावर, रिकामी पडली हुती. मंग त्येंस्नी उचललं. आन् तुमच्या पाटीखालनं न्हेलं."

पाटी माझ्या हातात होती. नासाडी हा शब्द अंगठ्याखाली लागत होता मला. त्या दिवशी तिरडी दारातून काढताना खांदेकऱ्यांना मान लववावी लागली होती, एवढी खाली लावली होती ती. साहेबानं एकदा पाटीकडे बघितलं, एकदा चौकटीकडे, आणि हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खोटं नव्हतं ते. मला तेव्हाही खोटं वाटलं नाही.

"मला ठाऊक नव्हतं हो," तो म्हणाला. "देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"ठावं हाय मला, तुमास्नी ठावं नव्हतं ते."

रज्जाक पुढे सरकला, साहेबाच्या हाताला धरायला. आत्याबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. मग त्या दारातून बाजूला झाल्या आणि आत, न्हाणीघराकडे बोट केलं.

"घंगाळ ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या.

एकट्यानं उचलण्याजोगं नव्हतं ते. भरलेलं तर नाहीच. साहेबानं आत जाऊन कान धरून बघितले, हललं नाही. त्यानं आजूबाजूला बघितलं. कुणी पुढे झालं नाही. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि फरशीवरून घंगाळ इंचाइंचानं ओढत, हिंदकळत, उंबऱ्यापर्यंत आणलं. कोट भिजला, गुडघे भिजले. उंबऱ्याला टेकवून त्यानं ते तिरकं केलं, आणि मामंजींच्या आंघोळीचं पाणी, जे त्या दिवशी त्यांना मिळालं नव्हतं, ते रस्त्यावर गेलं.

त्यानंतर आळी ओतायला लागली. दोन्ही बाजूंच्या दारांतून हंडेच्या हंडे. इतका मोठा लोट आमच्या आळीतून आधी कधी गेला नव्हता, नंतरही गेला नाही. खाली गटार साफ झाली म्हणे. सत्कारही झाला. आत्याबाई गेल्या नाहीत, म्हणून आळीतलंही कुणी गेलं नाही, आणि कलेक्टरांनी शाल-नारळ रिकाम्या खुर्च्यांपुढे साहेबाच्याच हातात दिले. महिन्याभरात त्यानं बदली मागून घेतली.

आता नळाला दिवसभर पाणी असतं. शिळं कुणी ओतत नाही, आमच्याखेरीज भरूनही कुणी ठेवत नाही, आणि गटार धुवायला नगरपालिका यंत्राची गाडी पाठवते. पाटी मी टाकली नाही. पिंपावर झाकण म्हणून ती बरोबर बसते.

आत्याबाई गेल्या त्या सकाळी मी पाटी बाजूला केली, पिंप ओतलं, हंडे ओतले, घागरी ओतल्या. दार सताड उघडं ठेवून, रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. घंगाळ तेवढं ताज्या पाण्यानं काठोकाठ भरून घेतलं, आणि त्यांना आंघोळ घालून झाल्यावरच शेजाऱ्यांना हाक मारली.